ताबा नोटीस कोणत्या तारखेची?

प्रश्न : मी लष्करात हवालदार आहे, सध्या ईशान्येत. पुण्याजवळचा फ्लॅट माझ्या आणि पत्नीच्या नावावर, बँकेच्या गृहकर्जावर घेतलेला. वडिलांच्या आजारपणात पाच हप्ते थकले. कर्ज फेडायला साठ दिवसांची मुदत देणारी नोटीस आली होती, ती घरात कपाटातच राहिली. मागच्या महिन्यात दारावर ताबा नोटीस चिकटवली. त्यानंतर मी चाळीस हजार भरले. मॅनेजर ‘बघू’ म्हणतात. फ्लॅट भाड्यानं देऊन हप्ते भागवायचा विचार आहे. सैनिकाच्या घरावर कारवाई होत नाही, असं युनिटमध्ये सांगतात. ते खरं का?

उत्तर : ‘मागच्या महिन्यात’ म्हणजे किती तारखेला? तुमच्या मूळ पत्रात फ्लॅटचं क्षेत्रफळ आहे, मॅनेजरसाहेब काय बोलले तेही आहे. जिच्यावर सगळं अवलंबून आहे ती तारीख मात्र नाही. फौजेतल्या मंडळींच्या पत्रांत ती बहुधा नसतेच. बदलीच्या आदेशाची तारीख कुणी विसरत नाही, बँकेच्या नोटिशीची कुणाला आठवत नाही.

कोर्टात न जाता गहाण मालमत्ता ताब्यात घ्यायचा अधिकार बँकेला देतो तो सरफेसी कायदा. त्याच्या कलम १७ प्रमाणे, बँकेनं ताब्याचं पाऊल उचललं त्या दिवसापासून ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे, म्हणजे पुण्याच्या डीआरटीकडे, अर्ज करता येतो. रजा मिळाली नाही म्हणून हे दिवस थांबत नाहीत. उशीर माफ करता येतो की नाही यावर उच्च न्यायालयांचं एकमत नाही, तेव्हा तो जुगार खेळू नका. दिवाणी कोर्टात मनाई हुकूम मागायचा विचारही सोडा, कलम ३४ नं तो रस्ता बंद केला आहे.

आता युनिटमधली समजूत. ती अगदीच हवेतली नाही. सैनिकाचा पगार जप्त होत नाही आणि कर्जापायी त्याला अटक होत नाही, हे आर्मी ॲक्टमध्येच आहे. पण घर तुम्ही स्वतःच्या सहीनं गहाण ठेवलंय, त्याला हे कवच नाही. १९२५ चा सैनिकांच्या खटल्यांविषयीचा कायदाही कुणीतरी दाखवेल. तो कोर्टात चाललेल्या कामांना स्थगिती वगैरे देण्यापुरता आहे, तोही विशेष परिस्थितीत सेवा बजावणाऱ्यांसाठी. इथे बँक कोर्टात गेलेलीच नाही, तर थांबवायचं काय? डीआरटी त्या कायद्यातलं ‘कोर्ट’ ठरतं का, यावर वाद घालता येईल, पण घर पणाला लावून नाही.

तुम्हाला रजा नसेल तर पत्नीनं अर्ज करावा. त्या सहकर्जदार आहेत, आणि कलम १७ खाली बाधित झालेली कोणतीही व्यक्ती अर्ज करू शकते. तुमच्या वतीनं कुणी उभं राहायचं असेल, तर कमांडिंग ऑफिसरसमोर सही करून, त्यांची प्रतिस्वाक्षरी घेतलेलं अधिकारपत्र द्या. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर २८ मध्ये अगदी तुमच्यासारख्यांसाठीच ही सोय आहे. अर्जाबरोबर स्थगितीची मागणी पाहिजेच, नुसता अर्ज दाखल झाल्यानं बँक थांबत नाही. साठ दिवसांच्या नोटिशीला वेळेत लेखी हरकत घेतली असती, तर बँकेला १५ दिवसांत उत्तर द्यावं लागलं असतं आणि आज वकिलाच्या हातात काहीतरी असतं. तो कागद कपाटात गेला.

चाळीस हजारांनी नोटीस रद्द झालेली नाही. थकबाकी पूर्ण, व्याजासकट भरली तरच खातं पुन्हा नियमित करता येतं, असं रिझर्व्ह बँकेनं नोव्हेंबर २०२१ मध्ये स्पष्ट केलं. त्यामुळे आणखी फुटकळ भरणा करण्याआधी थकबाकीचा नेमका आकडा लेखी मागा. एएफपीपी फंडातून, म्हणजे सैन्यदलांच्या भविष्यनिर्वाह निधीतून, पैसे काढता येतील का, हे तुमच्या पे अकाउंट ऑफिसला विचारा. बँक तडजोडीला तयार होईलही, पण तो तिचा मर्जीचा विषय आहे. ‘बघू’ म्हणणाऱ्या मॅनेजरच्या शब्दाला लेटरहेडशिवाय किंमत नाही.

फ्लॅट भाड्यानं देऊन हप्ते भागवू, असं तुम्ही लिहिलंय. साठ दिवसांच्या नोटिशीनंतर बँकेच्या लेखी परवानगीशिवाय विक्री किंवा भाडेकरार करता येत नाही, कलम १३(१३). परवानगी मागाच, आणि मागायचीच तर विक्रीचीही मागा. तुम्ही स्वतः शोधलेलं गिऱ्हाईक लिलावापेक्षा बहुधा बरा भाव देतं. मात्र लिलावाची जाहिरात प्रसिद्ध होण्याआधी सगळं देणं चुकतं व्हायला हवं. २०१६ च्या दुरुस्तीनंतर घर सोडवण्याचा हक्क तिथेच संपतो.

डीआरटीनं असा अर्ज ६० दिवसांत निकाली काढावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा कशा पडतात ते तिथे गेल्यावर कळेलच. पण स्थगिती द्यायची तर आधी काही रक्कम भरा, असं सहसा पहिल्या सुनावणीलाच सांगितलं जातं. हाताशी असलेले पैसे त्यासाठी राखून ठेवा, आणि आज घरी फोन कराल तेव्हा दारावरच्या कागदाचा तारखेसकट फोटो मागवा.