कानात सारखा मळ साठतो, तो मऊ करणारे ड्रॉप्स अधूनमधून टाकत राहिलं तर चालतं का?

चालतं, पण आधी बघा की तुम्हाला खरंच गरज आहे का, कारण कान स्वतःच स्वतःला साफ करतो, आतली त्वचा हळूहळू बाहेर सरकते आणि बोलताना, चावताना जबडा हलतो त्यानेही मळ बाहेर यायला मदत होते. काही त्रास नसेल तर काहीच टाकू नका.

ज्यांना वारंवार दडे बसतात, किंवा जे श्रवणयंत्र वापरतात, त्यांना ड्रॉप्सचा उपयोग होतो. ऑलिव्ह ऑइल, 5 टक्के सोडियम बायकार्बोनेट, कार्बामाइड पेरॉक्साइड असे प्रकार मिळतात आणि यातला एक दुसऱ्यापेक्षा भारी असं काही सिद्ध झालेलं नाही, त्यामुळे महागड्याच्या मागे लागू नका. बाटली हातात धरून अंगाइतकी कोमट करा, गार थेंब टाकले की चक्कर येते. कुशीवर झोपून 2-3 थेंब टाकायचे, 5-10 मिनिटं तसंच पडून राहायचं, मग उठून बाहेर येईल तेवढंच पुसायचं. सुरुवातीला मळ फुगून कान अजून बंद झाल्यासारखा वाटतो, घाबरू नका.

पडद्याला भोक असेल, कानाचं ऑपरेशन झालं असेल, कान दुखत किंवा वाहत असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक थेंबही टाकू नका प्लीज. अचानक ऐकू कमी आलं तर मळच असेल असं धरून बसू नका, लगेच दाखवा.

आणि कान कोरायचे ते कापसाचे इअरबड्स आधी बंद करा, त्याने मळ आतच ढकलला जातो, मग कितीही ड्रॉप्स टाका.