कारंज्याजवळच्या खेड्यात राहतो. स्विफ्टसाठी कार्बन फायबरचं बॉनेट मागवलंय, ते इथंच गावात बसवता येईल का?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की बॉनेट ऑनलाइन मागवलं, दिसायला झकास आहे, पण गावातला मेकॅनिक "फायबरले मी हात लावत नाही" म्हणून मोकळा झाला. आणि शेवटी सहज लिहिल्यासारखं लिहिलंय की दर पंधरा दिवसांनी समृद्धीवरून नागपूरला जाणं असतं. तुमच्या सगळ्या प्रश्नात मला हीच ओळ महत्त्वाची वाटली. गावात बसवता येतं का, तर येतं. त्याला मोठं वर्कशॉप लागत नाही. पण समृद्धीवर १२० च्या स्पीडला ते जागेवर राहील का, हे बसवायच्या आधी बघायचं असतं.

मी दारव्ह्याकडे डेंटिंग-पेंटिंगचं काम करतो, सतरा वर्षं झाली. कार्बनची सहा बॉनेटं बसवली, त्यातलं पहिलं माझ्या स्वतःच्या गाडीला. ते उडालं. यवतमाळ रोडला ऐंशीच्या आसपास चाललो होतो, समोरून गिट्टीचा ट्रक गेला आणि त्याच्या हवेच्या झोतानं बॉनेटचं तोंड उचललं. लॉक तुटलं नाही. लॉकमध्ये स्ट्रायकर, म्हणजे बॉनेटच्या पोटाला असलेली ती लोखंडी कडी, तशीच्या तशी अडकून राहिली होती. बॉनेटच त्या कडीपासून फाटून निघालं आणि समोरच्या काचेवर आदळलं. पुढचं दिसणं एकदम बंद. उभ्या बॉनेटच्या खालच्या फटीतून जेवढा रस्ता दिसत होता तेवढ्यावर गाडी हळूहळू कडेला घेतली. मागच्या सीटवर माझी पोरगी होती, तेव्हा सहावीत. ती रडली नाही, नुसती गप्प बसून होती, आणि ते मला जास्त लागलं. त्या दिवसापासून मी कोणाचंही असं बॉनेट आधी उलटं करून बघतो, मगच बसवायचं की नाही ते सांगतो.

तुम्हीही तेच करा. बाजेवर जाड गोधडी टाका आणि बॉनेट त्यावर पालथं ठेवा. कडी जिथं बसते ती जागा आणि दोन्ही बिजागऱ्यांच्या जागा नीट बघा. तिथं आत लोखंडी पट्टी घालून तिच्यावर फायबरचे थर चढवलेले असतील तर नाण्यानं टकटक केल्यावर भरीव, बसका आवाज येतो. आजूबाजूच्या पातळ भागाचा आवाज वेगळाच असतो. माझ्या पहिल्या बॉनेटला पट्टीच नव्हती. जेमतेम दोन मिलिमीटरच्या फायबरमधून दोन बोल्ट आरपार, आणि मागे चवलीएवढे वॉशर. सगळा ताण त्या दोन भोकांच्या कडांवर. मूळ कंपनीच्या बॉनेटमध्ये त्या जागी आतून जाड पत्र्याचा तुकडा वेल्ड केलेला असतो, तो उगाच नसतो. गाडी पळते तेव्हा बॉनेटच्या वरच्या बाजूला हवेचा दाब कमी होतो आणि जाळीतून आत शिरलेली हवा खालून ढकलते. स्पीड दुप्पट झाला की हा जोर चौपट होतो. गावातल्या गावात चाळीसनं फिरताना जे बॉनेट शांत असतं, ते शंभरला थरथरायला लागतं, ते त्यामुळं.

पट्टी नसेल तर घालता येते, पण घाई करायची नाही. तळहाताएवढी, दोन ते तीन मिलिमीटर जाडीची लोखंडी पट्टी घ्या, तिचे कोपरे गोल करा. फायबरची ती जागा आणि पट्टी, दोन्ही ८० नंबरच्या पॉलिश पेपरनं खरबरीत करून थिनरनं पुसा. मधे काचेच्या फायबरचं एक पातळ कापड घाला, इपॉक्सीनं, म्हणजे दोन भाग मिसळून कडक होणाऱ्या गोंदानं, चिकटवा, वरून पुन्हा दोन-तीन थर द्या आणि दोन दिवस हात लावू नका. मधलं कापड विसरू नका. कार्बन वीज वाहून नेतो. पावसाळ्याच्या ओलाव्यात कार्बनला थेट लोखंड किंवा अ‍ॅल्युमिनियम टेकलं की बॅटरीच्या सेलसारखा प्रकार होतो आणि धातू झपाट्यानं खराब होतो. काचेचा फायबर वीज अडवतो. बोल्टही स्टेनलेसचे घ्या, रुंद वॉशरचे, आणि वॉशरखाली नायलॉनची चकती द्या.

एवढं करूनही तुमच्यासारख्या समृद्धीवाल्याला मी बॉनेट पिनशिवाय गाडी देत नाही. दोन पिना, पुढच्या दोन कोपऱ्यांत, रेडिएटरच्या वरच्या पट्टीत घट्ट बसवलेल्या. त्या बॉनेटला पाडलेल्या भोकांतून वर येतात आणि वरून क्लिप लावली की बॉनेट धरून ठेवतात. काही लोकांना त्या दिसायला आवडत नाहीत. मला त्या फार आवडतात. भोक कुठं पाडायचं ते मोजून काढत बसू नका. पिनेच्या टोकाला थोडा ओला रंग लावायचा, बॉनेट हळूच टेकवायचं, आतून ठिपका उमटतो, तीच जागा. भोक मात्र बॉनेट गाडीवरून काढून बाजेवर पाडायचं. दोन्ही बाजूंनी मास्किंग टेप, खालून लाकडाची फळी, धारदार ड्रिल, आधी तीन मिलिमीटरचं बारीक भोक आणि मग वाढवत न्यायचं. जोर दिला की आतले थर सुटतात आणि कडा दाढीच्या ब्रशसारखी होते. झाल्यावर भोकाची कड इपॉक्सीनं बंद करा, नाहीतर तिथून पाणी आत मुरतं. तो काळा भुसा फार वाईट असतो. नाकाला चांगला मास्क लावा, पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, पोरांना जवळ येऊ देऊ नका. इंजिनवर तर तो पडूच नये. वीज वाहतो म्हणजे अल्टरनेटर आणि वायरिंगला तो नकोच.

बसवण्याचं काम त्या मानानं सोपं आहे, फक्त दुसरा माणूस हवा आणि तो घाबरट असला तर जास्त बरं. जुनं बॉनेट काढण्याआधी बिजागऱ्यांभोवती मार्करनं रेघ ओढा, म्हणजे नवं कुठून सुरू करायचं ते कळतं. मडगार्डच्या कडांना आणि काचेखालच्या कोपऱ्यांना टेपचे दोन-तीन पदर लावा. ओरखडे नेमके तिथंच येतात. काच धुण्याच्या पाण्याचा पाइप, खालचा उष्णता अडवणारा गादीसारखा तुकडा, कडेचं रबर, हे सगळं ओढून तोडू नका, नव्यावर तेच चढवायचं आहे. नवं बॉनेट ठेवल्यावर बिजागरीचे बोल्ट फक्त हातानं, ढिले ठेवा. कडी अजून लावायची नाही. बॉनेट हळूहळू खाली आणा आणि चारी बाजूंची फट बघा. बाहेरून घेतलेलं बॉनेट पहिल्या फटक्यात कधीच बसत नाही, एका बाजूला पेन्सिल जाते आणि दुसऱ्या बाजूला नख जात नाही. पुढे-मागे बिजागरीवर सरकवा, कोपऱ्यांची उंची रबरी बफर फिरवून जुळवा, मागची उंची कमी पडली तर बिजागरीखाली वॉशर द्या. फट जुळली की मग कडी लावा, आणि कडी लॉकच्या बरोबर मधोमध उतरते का ते पाच-सहा वेळा बघा. दुसरा खटका, म्हणजे बोटानं उचलायचा सुरक्षेचा हूक, तो धरतोय ना हे हातानं वर ओढून तपासा. बोल्ट आवळताना लोखंडाच्या सवयीनं शेवटचा झटका देऊ नका, फायबर आतल्या आत चिरडतं आणि वरून कळतही नाही.

आता आपल्याकडची खरी गोष्ट, ऊन. ज्यांनी हे बॉनेट बनवलं त्यांच्या गावात ४५ अंश तापमान असेलच असं नाही. आपल्याकडे अकोला, वर्धा, चंद्रपूर मे महिन्यात तिथपर्यंत जातात, आणि उन्हात उभ्या काळ्या बॉनेटचा पृष्ठभाग हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो. माझ्याकडे रंगाच्या कामासाठी घेतलेला तापमापक आहे, त्यावर मी दुपारी अडीच वाजता ७६ अंश पाहिलेत. कार्बनच्या धाग्याला याचं काही नाही. पण धागे ज्या रेझिननं बांधलेत ते एका हद्दीपुढं मऊ पडतं. साध्या हवेत सुकवलेल्या बऱ्याच इपॉक्सींची ही हद्द ६० अंशांच्या आसपास असते. भट्टीत नंतर नीट भाजून घेतलं तर ती वर जाते. स्वस्त मालात हे भाजणंच वाचवतात. म्हणून विकणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: ओव्हनमध्ये क्युअर केलंय का, आणि किती अंशांवर? उत्तर गोलमोल आलं तर समजून घ्या.

यातून दोन सवयी निघतात. एक, उन्हात बॉनेट टेकूवर उघडं ठेवून चहाला जायचं नाही. टेकू एकाच बाजूला असतो, तापलेलं बॉनेट त्या एका बिंदूवर पिळलं जातं, आणि थंड झाल्यावर तसंच आखडून बसतं. माझ्याकडे आलेल्या एका बॉनेटचा डावा कोपरा असाच सात-आठ मिलिमीटर वर आला होता. दुसरी, बसवल्यावर सकाळची फट बघून खूश होऊ नका. गाडी दोन दुपारी बंद बॉनेटनं उन्हात उभी करा, फट पुन्हा बघा, आणि मगच बोल्ट शेवटचे आवळा. शिवाय वरचा क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक रंगाचा थर, चांगल्या प्रतीचा, अतिनील किरण अडवणारा हवा, नाहीतर खालचं रेझिन काही उन्हाळ्यांत पिवळं पडतं आणि ते पॉलिशनं जात नाही.

वजन किती कमी होईल, हेही विचारलंत. मी एका स्विफ्टची दोन्ही बॉनेटं कापसाच्या काट्यावर ठेवली होती, फरक चार किलोच्या आतबाहेर होता. तुमचंही बहुतेक तसंच असेल, कारण अशा मालात वर कार्बनचा एक थर आणि खाली काचेचा फायबर असतो. ते वाईट नाही, मजबूत असू शकतं, पण चार किलोनं अ‍ॅव्हरेज वाढणार नाही. आवडतं म्हणून लावा. आवडणं हे पुरेसं कारण आहे.

धडकेचा विचार मात्र करा. आपल्याकडे रात्री रोही, म्हणजे नीलगाय, आडवा येतो, रानडुकरं येतात. लोखंडी बॉनेटच्या आतल्या सांगाड्याला मुद्दाम खाचा ठेवलेल्या असतात, धडकेत ते मधून तंबूसारखं दुमडतं आणि काचेकडे सरकत नाही. रोह्याला धडकलेली अशी एक गाडी माझ्याकडे आली होती, पुढचा भाग पार गेला होता, काच शाबूत होती. फायबर दुमडत नाही, तडकतं, आणि ते कसं तडकेल हे कोणी तपासून दिलेलं नसतं. पायी माणूस समोर आला तर त्याच्या डोक्याला बसणारा मार कमी व्हावा म्हणूनही हल्लीच्या गाड्यांची बॉनेटं तपासली जातात, ती तपासणीसुद्धा या मालाला लागू नसते. तुम्ही रात्रीचे जास्त फिरत असाल तर मी तुम्हाला सरळ सांगेन, नका लावू.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत मूळ तपशिलाशी विसंगत बदल करायला मनाई करतं, जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच ठामपणे सांगितलं, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ खाली परवानगीशिवाय केलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, होऊ शकतं. बॉनेट कशाचं बनलंय हे आरसीवर लिहिलेलं नसतं, रंग मात्र असतो. म्हणून वाशीमच्या आरटीओत जाऊन आधी विचारा, आणि विमा कंपनीला लेखी कळवून त्यांची पोच ठेवा. न कळवता लावलं आणि उद्या काही झालं तर क्लेमच्या वेळी पहिलं बोट बॉनेटवरच ठेवतील.

आणि वानरं. गावात गाडी चिंचेखाली लावत असाल तर जागा बदला. लोखंडावर वानर उडी मारून पोचा पाडतं, तो मी काढून देतो. तापलेल्या पातळ फायबरवर तेच वजन पडलं तर आतून तडा जातो, वरून केसासारखी एक रेघ दिसते, आणि मग ते बॉनेट हायवेवर न्यायचं नसतं.

जुनं बॉनेट भंगारवाल्याला देऊ नका, कोरड्या जागी उभं करून ठेवा. दारव्ह्याकडे येणं झालं तर नवं बॉनेट गोधडीत गुंडाळून सोबत आणा, टपावर बांधून नाही. कडीच्या जागेला पट्टी आहे की नाही ते उलटं करून आपण दोघं मिळून बघू. त्याला पाच मिनिटं लागतात आणि त्याचे मी पैसे घेत नाही.