रविवार धरून सिफनोसला जा

वाचकांचे प्रश्न : प्रवास

प्रश्न : मुलगी जर्मनीत श्टुटगार्टला असते. सप्टेंबरात आम्ही दोघं (वय 61 आणि 57) तिच्याकडे महिनाभर जाणार आहोत. त्यातले चार-पाच दिवस भूमध्य समुद्रातल्या एखाद्या शांत बेटावर काढायचं मनात आहे. जो तो सांतोरिनी सुचवतो, पण गर्दीची धास्ती वाटते. आम्हाला पोहता येत नाही. मी मासे खातो; ही शाकाहारी, अंडंही चालत नाही, आणि नुसत्या सॅलडवर तिचं पोट भरत नाही. कुठे जावं?
– एक वाचक, सांगली

उत्तर : तुमच्या पत्रातलं वहिनींच्या जेवणाचं वाक्य वाचलं आणि माझं उत्तर ठरलं. ग्रीसच्या सिफनोस बेटावर जा. आणि जाल तेव्हा मधे रविवार येईल असं बघा.

अथेन्सच्या पिरेयस बंदरातून मिलोस बेटाकडे जाणाऱ्या बोटी वाटेत जिथे थांबतात, त्यातलं हे एक बेट. क्षेत्रफळ सुमारे 74 चौरस किलोमीटर, वस्ती जेमतेम अडीच-पावणेतीन हजार. विमानतळ नाही, आणि बेट शांत राहिलं त्याचं मोठं कारण तेच, असं मला वाटतं. मी दोनदा गेले. पहिल्यांदा दोन दिवस, कारण पाच दिवसांत तीन बेटं बघायचा हट्ट होता. दुसऱ्यांदा पाचही दिवस तिथेच राहिले. पहिल्या खेपेचं आठवायला गेलं की मला बोटीतल्या खुर्च्या आणि सामानाची ओढाताण आठवते. तेव्हा मुलगी किंवा जावई म्हणतील, ‘एवढं जाताय तर जवळचं मिलोसही करून या.’ ऐकू नका. एकाच बेटावर, एकाच खोलीत राहा.

आता रविवारचं सांगते. सिफनोसचा रविवारचा पदार्थ म्हणजे रेविथादा. काबुली चणे रात्रभर भिजवायचे, मग कांदा, ऑलिव्हचं तेल, तमालपत्र आणि पाणी घालून मातीच्या झाकणाच्या भांड्यात भरायचे. शनिवारी संध्याकाळी ही भांडी लाकडाच्या भट्टीत जातात, रात्रभर मंद आचेवर राहतात आणि रविवारी सकाळी बाहेर निघतात. पूर्वी गावाच्या भट्टीत घराघरातून भांडी यायची आणि चर्चमधली प्रार्थना आटोपली की लोक आपापलं भांडं घेऊन घरी जायचे. अजूनही काही घरांत हे चालतं. हॉटेलांतही रविवारी मिळते, पण दुपारी एकच्या सुमाराला पोचा. मी एकदा तीन वाजता गेले तर भांडं घासायला पडलेलं होतं.

दुसऱ्या वेळी मी ज्या खोलीत उतरले होते, तिच्या मालकीणबाईंनी त्यांचं भांडं माझ्यासमोर उघडलं. बाहेरून काळवंडलेलं, दोन कानांचं, आपल्या गाडग्यापेक्षा बुटकं. झाकण काढल्यावर आधी तेलाचा सोनेरी थर दिसला, त्यावर कडेला लालसर झालेला कांदा, आणि खाली चणे अख्खेच्या अख्खे. एकही फुटलेला नव्हता. चमच्याने दाबला तर लोण्यासारखा पसरला. त्यांनी वर अर्धं लिंबू पिळलं आणि पाव पुढे केला. हळद नाही, जिरं नाही, तिखट नाही. आपण छोल्यात एवढं काय काय घालतो, आणि इथे नुसत्या कांद्याला आणि रात्रभराच्या आचेला ती चव आली होती. मी दोनदा वाढून घेतलं. त्या बाईंना इंग्रजी येत नव्हतं आणि मला ग्रीक, पण तिसऱ्यांदा भांडं माझ्याकडे सरकवलं तेव्हा भाषेची गरज लागली नाही.

ही भांडी बेटावरच बनतात. सिफनोसची माती चांगली, त्यामुळे कुंभारकाम तिथे फार जुनं. घरांच्या धुराड्यांवरसुद्धा मातीची नक्षीदार टोपणं दिसतील. वहिनींना एखादं लहान भांडं आणायचा मोह होईल. आणा, पण हातातल्या बॅगेत कपड्यांत गुंडाळून.

वहिनींच्या जेवणाची काळजी इतर दिवशीही करू नका. ‘फावा’ मागवा : पिवळ्या वाटाण्याच्या डाळीचं घट्ट वरण समजा, वर कच्चा कांदा आणि तेल. चण्याचे तळलेले वडे मिळतात, त्यांना रेविथोकेफ्तेदेस म्हणतात. त्यात बांधायला अंडं घातलंय का ते विचारून घ्यायचं. भेंडी टोमॅटोत शिजवलेली असते, ‘बाम्येस’ या नावाने. मोठ्या पांढऱ्या वालासारख्या दाण्यांची भाजी म्हणजे ‘यीगांतेस’. चीजमध्ये तिथली ताजी मिझिथ्रा आणि वाइनच्या गाळात मुरवलेली मानुरा, ही दोन चाखा. मिझिथ्रा आणि मध घालून मेलोपिता नावाची वडी भाजतात, पोत साधारण घट्ट खरवसासारखा. पण तिच्यात अंडं असतं, त्यामुळे ती तुमच्या वाट्याची.

एक शब्द पाठ करून जा : ‘निस्तीसिमो’. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोक उपवासाच्या दिवसांत मांस, मासे, दूध, अंडी खात नाहीत, आणि त्या उपवासाला चालणारं ते निस्तीसिमो. बेटावरच्या कोणत्याही म्हाताऱ्या बाईला ‘व्हेजिटेरियन’पेक्षा हा शब्द लवकर कळतो. त्यात एकच अडचण आहे. कोळंबी, ऑक्टोपस, शिंपले त्या उपवासाला चालतात. म्हणून जोडीला ‘होरीस क्रेआस, होरीस अवगो’ म्हणा, म्हणजे मांस नको, अंडं नको, आणि ताटात समुद्रातलं काही नाही ना ते बोट दाखवून विचारा.

आणखी एक पदार्थ वहिनींसाठी मुद्दाम सांगते. बेटावरच्या दगडी भिंतींच्या फटींतून केपरची झुडपं लोंबत असतात. त्यांच्या न उमललेल्या कळ्या उन्हात वाळवून, उकळून, भरपूर कांद्याबरोबर शिजवतात. गडद रंगाचं, आंबट-खारट, किंचित कडसर असं ते सॅलड पहिल्या घासाला मला ओळखीचं वाटलं, आणि का ते कळेना. नंतर लक्षात आलं. आषाढी द्वादशीला आपण उपास सोडताना वाघाटीची भाजी करतो, ती वाघाटी याच कुळातली. आपण फळं खातो, ते कळ्या. माझी आजी गुहागरला कुंपणावरून वाघाटी काढायची, तिचे काट्यांनी ओरखडलेले हात मला त्या टेबलाशी आठवले.

समुद्राबद्दल. मी कोकणातली, त्यामुळे किनाऱ्यावर गेलं की आधी भरतीची वेळ विचारायची सवय. तिथे तो प्रश्नच नाही. भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी नावापुरती. सकाळी जिथे चपला काढाल तिथेच संध्याकाळी सापडतील. पोहता न येणाऱ्यांसाठी तीन किनारे चांगले. कामारेस हे बंदराचं गाव, तिथली वाळू लांबवर उथळ आहे. प्लातीस यालोस हा दक्षिणेकडचा लांब पट्टा. आणि वाथी. तिन्हींत मला वाथी आवडतो : जवळजवळ गोल, वाऱ्यापासून आडोशाला असलेला उपसागर, पाण्याच्या काठालाच टेकलेलं पांढरंशुभ्र चर्च, आणि कंबरभर पाण्यात उभं राहिलात तरी पायाची नखं दिसतात इतकं नितळ पाणी. सावलीला झाऊची झाडं असतात. आपल्या किनाऱ्यावरच्या सुरूंपेक्षा ठेंगणी, पण दुपारी त्यांच्याखाली आडवं व्हायला पुरेशी. पोहायचे कपडे हवेतच असं नाही. वहिनी सलवार-कुर्त्यात पाण्यात उतरल्या तरी कुणी वळून बघणार नाही. पायात मात्र रबरी चपला असू द्या, खडकाजवळ समुद्री साळिंदर असतात आणि त्यांचा काटा टाचेत मोडला की दोन दिवस जातात.

जायचं कसं ते थोडक्यात. तुमचा मुक्काम मुख्यतः जर्मनीत, म्हणून व्हिसा जर्मनीचा काढा. त्याच शेंगेन व्हिसावर ग्रीसला जाता येतं. प्रवासविमा किमान 30,000 युरोंचा लागतो, तो ग्रीसलाही लागू आहे ना ते बघून घ्या. अथेन्सच्या विमानतळावरून थेट पिरेयसपर्यंत मेट्रो आहे, शिवाय एक्स 96 ही बस दिवसरात्र असते. पिरेयसहून जलद बोट अडीच-तीन तासांत, साधी मोठी बोट पाचेक तासांत सिफनोसला पोचते. साध्या बोटीने जा. तिच्या डेकवर बसता येतं, वारा लागतो, आणि लाटांत ती कमी डुलते. बेटावर गाडी घ्यायची गरज नाही. बस कामारेसहून वर अपोलोनिया या मुख्य गावाला जाते आणि तिथून किनाऱ्यांना.

परतताना मात्र माझं ऐका. पहिल्या खेपेला ऑगस्टात आमची जलद बोट जोरदार वाऱ्यामुळे आदल्या संध्याकाळी रद्द झाली. उन्हाळ्यात एजियन समुद्रावर उत्तरेचा ‘मेल्तेमी’ वारा सुटतो, तो दोन-दोन दिवस थांबत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे साधी बोट मिळाली, पण मुंबईचं विमान गेलं होतं. तिकिटाचे पैसे बुडाले, आणि नवरा बंदरावर रात्रभर बॅगांवर डोकं ठेवून बसला, ते मला अजून लागतं. सप्टेंबरात हा वारा बराच मऊ होतो, तरीही बेटावरून सोमवारी निघा, ती रात्र अथेन्समध्ये काढा आणि विमान मंगळवारचं घ्या. गुरुवार ते सोमवार, मधे रविवार. हिशोब बसतो.

प्रश्न : मी मालवणची. मुलाबरोबर ग्रीसला जाणार आहे. तिथले मासे आपल्यासारखे ताजे असतात का? की नुसतं लिंबू पिळून फिके?
– एक वाचक भगिनी, मालवण

उत्तर : ताई, फिके म्हणाल तर फिकेच. तिरफळ नाही, सोलं नाही, ओलं खोबरं नाही. पण बाजारातून मासा आणलात की आधी त्याचे डोळे आणि कल्ले तुम्ही बघणार, आणि तिथेही तेच बघायचं. लहान बंदरात बरीच हॉटेलं मासा दाखवायला आत नेतात. मोठा मासा किलोच्या भावाने असतो, तेव्हा वजन तुमच्यासमोर करायला सांगा आणि भाव आधी विचारा. यात त्यांना अपमान वाटत नाही, तिथली रीतच आहे. यादीत नावापुढे चांदणी किंवा ‘कात.’ अशी खूण दिसली तर ते बर्फातलं आहे असं समजा.

मोठ्या माशापेक्षा मी तुम्हाला ‘गावरोस’ मागवायला सांगेन. आपल्या मांदेलीच्या नात्यातला, बोटाएवढा मासा. पिठात घोळवून अख्खा तळतात, डोकं-काट्यासकट कुरुम् करून खायचा. मी पहिला तोंडात टाकला तेव्हा खात्री पटली की मांदेलीला मसाला नसला तरी चालतं. सिफनोसला जमलं तर उत्तरेच्या टोकाला हेरोनिसोस नावाचं कोळ्यांचं छोटं गाव आहे, तिथे जेवा.

प्रश्न : चार-पाच दिवस एकाच लहान बेटावर राहायचं तर कंटाळा नाही येणार? बघायला असं काय आहे? आम्ही देवळं-उत्सव आवडीने बघणारी माणसं आहोत.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : मग सिफनोस तुमचंच बेट. इतक्याशा जागेत तिथे शेकडो चर्चेस आहेत, बहुतेक घरातल्या देवघराएवढी, पांढरी, निळ्या दाराची. त्यांच्यामधून जुन्या पाऊलवाटा जातात. खुणा केलेल्या वाटांची लांबी शंभरेक किलोमीटर भरते. कास्त्रो हे समुद्रावरच्या कड्यावरचं जुनं गाव बघाच. बाहेरच्या घरांच्या पाठभिंतींचाच तट, आणि आत गल्लीत रोमन काळच्या दगडी शवपेट्या सहज पडलेल्या. इथल्या सोन्या-रुप्याच्या खाणींवर हे बेट एके काळी इतकं श्रीमंत होतं की इसवी सनापूर्वी 525 च्या सुमारास त्यांनी डेल्फीच्या देवस्थानी संगमरवरी कोषागार बांधलं. त्याच्यावरची शिल्पं आजही डेल्फीच्या संग्रहालयात आहेत.

उत्सवाची गोष्ट तुम्हाला फार जवळची वाटेल. तिथे चर्चच्या उत्सवाचा एक मानकरी असतो. त्या संताची तसबीर वर्षभर त्याच्या घरी राहते, आणि उत्सवाच्या रात्री सगळ्यांच्या जेवणाचा भार तो उचलतो. प्रार्थना झाली की लांब टेबलांवर जो येईल त्याला पंगतीत बसवतात. ओळख लागत नाही, पैसे घेत नाहीत. पहिलं वाढण चण्यांचं. मोठा उत्सव ख्रिसोपियी या मठाचा, ईस्टरनंतर चाळिसाव्या दिवशी. समुद्रात घुसलेल्या खडकावर हा मठ आहे आणि मधली फट ओलांडायला लहानसा पूल. चाच्यांपासून बायकांना वाचवायला मेरीमातेने खडक दुभंगला, असं तिथले लोक सांगतात. 19 जुलैच्या संध्याकाळी प्रोफितिस इलियास या सर्वांत उंच डोंगरावर लोक चालत चढतात, तोही बघण्यासारखा.

चर्चमध्ये जाताना खांदे आणि गुडघे झाकलेले असू द्या. दुपारी दोन ते पाच गाव झोपतं, तेव्हा दारं ठोठावू नका. जेवायला रात्री नवाच्या आधी गेलात तर तुम्ही एकटेच असाल. त्या वेळात मी अर्तेमोनास या गावाला चालत जायचे. तिथे मिठाईच्या जुन्या दुकानात बदामाची पांढरी, पिठीसाखरेत लोळवलेली अमिग्दालोता मिळतात, त्यातली चार कागदात बांधून घ्यायची आणि वाटेतल्या कट्ट्यावर बसून समुद्र काळा होईपर्यंत एकेक खायची.