‘मे गुस्ता’: मराठीतून शिकावं असं स्पॅनिश क्रियापद

स्पॅनिश शिकायला नुकतीच सुरुवात केलेल्या एका वाचकाचा प्रश्न असा: ‘आब्लार’ म्हणजे बोलणे. त्याची वर्तमानकाळातली रूपं यो आब्लो, तू आब्लास, एल आब्ला. ‘गुस्तार’ म्हणजे आवडणे, तेही ‘-आर’नेच संपतं. मग ‘मला कॉफी आवडते’ हे ‘यो गुस्तो एल काफे’ असं का होत नाही? सगळीकडे ‘मे गुस्ता एल काफे’ का दिसतं?

रूपं चालवण्यात काही चुकलेलं नाही. गुस्तो, गुस्तास, गुस्ता, गुस्तामोस, गुस्ताइस, गुस्तान अशी सहाही रूपं आहेत आणि ती अगदी नियमित आहेत. अडचण कर्त्याची आहे. आपण बहुतेक जण स्पॅनिश इंग्रजीतून शिकतो आणि इंग्रजीत आवडण्याचा कर्ता माणूस असतो. स्पॅनिशमध्ये कर्ता कॉफी आहे आणि माणूस चतुर्थीत. म्हणजे हुबेहूब मराठी रचना! ‘मे’ म्हणजे मला, ‘ते’ म्हणजे तुला, ‘ले’ म्हणजे त्याला किंवा तिला, ‘नोस’ आम्हाला, ‘ओस’ तुम्हा लोकांना, ‘लेस’ त्यांना. क्रियापद बदलतं ते आवडणाऱ्या वस्तूप्रमाणे. मला आंबा आवडतो, मे गुस्ता एल मांगो. मला आंबे आवडतात, मे गुस्तान लोस मांगोस. आंब्याचे आंबे झाले की ‘आवडतो’चं ‘आवडतात’ होतं, तसंच ‘गुस्ता’चं ‘गुस्तान’. उलट मराठीपेक्षा हे सोपं, कारण आवडतो-आवडते-आवडतं हा लिंगभेद तिथे नाही. म्हणून माझा आग्रह आहे की हे क्रियापद शिकताना इंग्रजी वाक्य मनात आणूच नये, सरळ मराठीतून स्पॅनिशमध्ये जावं.

मराठी कान इथे किती कामाला येतो ते संवादात कळतं. कुणी म्हणालं ‘मे गुस्ता एल काफे’, तर इंग्रजीच्या वळणाने शिकलेला माणूस ‘यो ताम्ब्येन’ म्हणतो, म्हणजे ‘मीही’. मराठीत आपण इथे ‘मलाही’ म्हणू. स्पॅनिशलाही तेच हवं: ‘आ मी ताम्ब्येन’. नकारार्थी वाक्याला ‘मलाही नाही’ म्हणायचं तर ‘आ मी ताम्पोको’.

‘गुस्तो’ हे रूपही वाया जात नाही. ‘ते गुस्तो?’ म्हणजे ‘मी तुला आवडतो का?’ किंवा ‘आवडते का?’ आणि ‘मे गुस्तास’ म्हणजे ‘तू मला आवडतेस’. मराठीतल्यासारखीच इथेही प्रेमाची छटा येते, म्हणून सहकाऱ्याबद्दल किंवा शेजाऱ्याबद्दल नुसतं बरं मत सांगायचं असेल तर ‘मे काए ब्येन’ म्हणावं.

क्रियेबद्दल बोलताना मूळ रूप जसंच्या तसं लावायचं: मे गुस्ता लेएर, मला वाचायला आवडतं. दोन क्रिया असल्या तरी ‘गुस्ता’ एकवचनीच राहतं: मे गुस्ता लेएर ई एस्क्रिबीर. एखादं पुस्तक अर्धं वाचून झालंय आणि ‘आवडतंय’ म्हणायचंय, तर ‘मे एस्ता गुस्तान्दो’ हेही चालतं.

मराठी माणूस अडखळतो तो दोन-तीन ठिकाणी. एक, ‘माझ्या आईला चहा आवडतो’ म्हणताना ‘आईला’ म्हटलं तरी ‘ले’ ठेवावाच लागतो: आ मी माद्रे ले गुस्ता एल ते. आपल्याला हे ‘आईला तिला’ असं दुहेरी वाटतं आणि ‘ले’ गाळायचा मोह होतो. (शेवटचा ‘ते’ म्हणजे चहा, ‘तुला’ नव्हे, लिहिताना त्यावर स्वराघाताचं चिन्ह असतं.) दुसरं, नामाआधीचा ‘एल’ किंवा ‘ला’ सोडायचा नाही, नुसतं ‘मे गुस्ता काफे’ चूक आहे.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. मराठीत ‘मला’ फार दूरवर पसरलेलं आहे, स्पॅनिशमध्ये तितकं नाही. मला भूक लागली आहे, ताप आहे, हवंय, माहीत आहे, या सगळ्यांत मराठी माणूस चतुर्थीत आहे. स्पॅनिशमध्ये मात्र इथे माणूसच कर्ता होतो: तेंगो आम्ब्रे, तेंगो फ्येब्रे, क्येरो, से. त्यातले पहिले दोन तर ‘माझ्याकडे भूक आहे, ताप आहे’ अशा घाटाचे. याउलट ‘माझं डोकं दुखतंय’ यात मराठी षष्ठी वापरते आणि स्पॅनिश चतुर्थी: मे द्वेले ला काबेसा. ‘मी काबेसा’ म्हणायची गरज नाही, डोकं कुणाचं हे ‘मे’वरून कळतं. पाय दुखत असतील तर मे द्वेलेन लोस प्येस. ‘फाल्तार’ (कमी पडणे), ‘पारेसेर’ (वाटणे), ‘इम्पोर्तार’ (महत्त्वाचं वाटणे) ही क्रियापदंही ‘गुस्तार’च्याच चालीची आहेत.

सख्ख्या बहिणीसारख्या पोर्तुगीजने मात्र दुसरी वाट धरली. गोव्यात पोर्तुगीज ऐकलेल्यांना ‘एउ गोश्तु द काफे’ परिचित असेल. तिथे कर्ता ‘मी’ आणि कॉफीआधी ‘द’. जुन्या आणि भारदस्त स्पॅनिशमध्येही ‘गुस्तार दे’ अशी रचना सापडते, पण रोजच्या बोलण्यात ती वापरली तर कृत्रिम वाटते.

मूळ लॅटिन ‘गुस्तारे’चा अर्थ चाखणे, आणि संस्कृतातला ‘जुष्’ हा धातू त्याच्याच कुळातला. तो जुना अर्थ मेक्सिकोत अजून जवळपास जिवंत आहे. जेवायला बसलेला माणूस येणाऱ्याला विचारतो, ‘गुस्तास?’ म्हणजे ‘घेणार का थोडं?’ इथे ‘ते’ नाही, कर्ता सरळ ‘तू’ आहे. वडीलधाऱ्याला विचारायचं तर ‘गुस्ता उस्तेद?’ आणि नको असेल तर उत्तर: ‘ग्रासियास, प्रोबेचो’.