चिनी कॅलिग्राफी म्हणजे शेवटी सुंदर अक्षरच ना? मग तिला चित्रकलेएवढा मान का?

तुमचा प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे सुंदर अक्षर म्हणलं की शाळेतली शुद्धलेखनाची वही आठवते, सुवाच्य टापटीप वगैरे, आणि ती कोणी म्युझियममध्ये टांगत नाही. चीनमध्ये हिशोबच वेगळा आहे. अक्षर किती सुबक आलं यापेक्षा हात कसा फिरला हे तिथे बघतात.

कामानिमित्त बीजिंगला होतो तेव्हा घराजवळच्या एका क्लासला जायचो. सुरुवातीला कितीतरी दिवस नुसती आडवी रेघ, हसू नका. ब्रश उभा धरायचा, टोक आधी किंचित डावीकडे दाबायचं, तिथूनच वळवून उजवीकडे न्यायचं, मधे दाब हलका करायचा आणि शेवटी थांबून परत थोडं मागे घ्यायचं, म्हणजे टोक रेघेच्या पोटात राहतं आणि बाहेर शेपटी निघत नाही. चांगला कागद म्हणजे आनहुई प्रांतातला शुअन, तो शाई इतक्या पटकन पितो की जरा रेंगाळलात की डाग पसरलाच. वरून गिरवायची सोय नाही, गिरवलं तर जाणकाराला लगेच दिसतं. त्यात प्रत्येक अक्षराचे स्ट्रोक कुठल्या क्रमाने काढायचे ते ठरलेलं, शाळेपासून सगळ्यांच्या हातात बसलेलं. त्यामुळे हजार वर्षांपूर्वीचा कागद समोर असला तरी बघणारा मनातल्या मनात तो हात परत फिरवतो, इथे जोरात गेला, इथे शाई संपत आली, इथे ब्रश पुन्हा बुडवला. जुन्या गायकाचं रेकॉर्डिंग ऐकावं तसंच आहे ते.

याचं सगळ्यात भारी उदाहरण म्हणजे यान झेनछिंग. थांग राजवटीतला मोठा अधिकारी. आन लूशान नावाच्या सेनापतीने केलेल्या बंडात त्याचा तरुण पुतण्या मारला गेला, तर ७५८ साली त्याने पुतण्यासाठी शोकलेख लिहायला घेतला, आणि आज जे जपून ठेवलंय तो त्याचा कच्चा खर्डा आहे. शब्द खोडलेत, ओळी वाकड्या गेल्यात, ब्रश कोरडा पडलाय तरी माणूस लिहितोच आहे, शेवटी शेवटी तर अक्षरं अक्षरशः धावतात. शाळेच्या वहीच्या निकषावर नापास! पण चिनी लोक रनिंग लिपीतल्या, म्हणजे रेघा थोड्या जोडत भरभर लिहायच्या पद्धतीतल्या, जगातल्या सर्वोत्तम कामांमध्ये याला दुसरा नंबर देतात. मूळ कागद तैपेईच्या नॅशनल पॅलेस म्युझियममध्ये आहे, २०१९ मध्ये टोकियोतल्या प्रदर्शनाला पाठवला तर चीन आणि तैवान दोन्हीकडे लोक भडकले की इतकी नाजूक वस्तू बाहेर पाठवलीच कशी.

पहिला नंबर वांग शीझी या जुन्या कॅलिग्राफी उस्तादाचा. ३५३ साली शाओशिंगजवळ मित्रमंडळी ओढ्याकाठी जमली होती, पाण्यात दारूचे प्याले सोडायचे आणि कविता करायच्या असा कार्यक्रम, त्या कवितांना त्याने प्रस्तावना लिहिली. तिच्यात एकच अक्षर वीसेक वेळा येतं आणि दर वेळी वेगळं काढलंय. मूळ प्रत गेली, थांग सम्राट थाइझोंगने ती स्वतःबरोबर कबरीत पुरून घेतली असं मानतात, आपण बघतो त्या सगळ्या नकला. आणि नक्कल हा तिथे कमीपणा नाही हं, शिकायची रीतच ती आहे, आधी जुन्या उस्तादाचं बघून बघून लिहायचं, स्वतःची शैली वगैरे फार नंतर.

आता रोजच्या जगण्यातलं. सकाळी बीजिंगच्या कुठल्याही मोठ्या पार्कात जा, रिटायर्ड काका लांब दांड्याला स्पंज लावलेला ब्रश घेऊन फरशीवर नुसत्या पाण्याने कविता लिहीत असतात. उन्हाळ्यात खालची ओळ होईपर्यंत वरची वाळलेली असते, त्याचं त्यांना काही नाही, बाजूला उभा राहून कोणीतरी 'ही रेघ अशी नको होती' म्हणून वादही घालतं. चिनी नववर्षाला दाराच्या दोन्ही बाजूंना लाल कागदावर जोडओळी लावतात, हल्ली बहुतेक छापील, पण सणाआधी गल्लीत टेबल टाकून हाताने लिहून देणारेही असतात आणि तिथे गर्दी असते. पीपल्स डेली या चिनी कम्युनिस्ट पक्षाच्या वृत्तपत्राचं नाव पहिल्या पानावर ज्या अक्षरात छापतात ते माओचं हस्ताक्षर आहे. दुसरीकडे मोबाइलवर टाइप करून करून शिकल्यासवरलेल्या लोकांनाही साधी अक्षरं हाताने लिहिताना अडायला होतं, ही तक्रार तर घरोघरी.

चिनी वाचता येत नाही म्हणून सोडू नका, वेगाने काढलेली कर्सिव्ह लिपी बऱ्याच चिनी लोकांनाही वाचता येत नाही. आपल्यातल्या मोडी शिकलेल्यांना तर हे लवकर कळेल, हात न उचलता पुढे जायची लय काय असते ते त्यांना माहीत असतं. तैपेईच्या त्या म्युझियमच्या साइटवर मोठे फोटो फुकट बघायला मिळतात. यानचा तो खर्डा उघडा, झूम करा आणि उजवीकडून वरून खाली बोट फिरवत जा, खोडलेल्या जागांवरूनसुद्धा. शिकायचंच असेल तर मात्र त्याच यानची रेग्युलर लिपी, म्हणजे प्रत्येक रेघ सुटी काढायची पद्धत, घ्या, जाड ठसठशीत अक्षर आहे, नवशिक्याला झेपतं. महागडा शुअन कागद तेवढा लगेच घेऊ नका, दुकानदार गळ्यात मारतात, चौकटी छापलेला साधा सरावाचा कागद बास.