मनोरुग्णालयात रुग्णाच्या बाजूने बोलायला कोण असतं?

तुम्ही विचारलंय की भाऊ गोव्यात बांबोळीच्या मनोरुग्णालयात दाखल आहे, डॉक्टरांशी बोलणं सगळं घरचेच करतात, तर तिथे त्याच्या बाजूने बोलणारं कोणी असतं का? आणि पूर्वी स्वतः दाखल राहिलेल्या माणसाचा काही उपयोग होतो का?

मी बायपोलर या मनाच्या आजारासाठी एका इस्पितळात राहून आलोय. आता डिचोली-पेडण्याकडचं कोणी बोलावलं की त्यांच्या माणसाला भेटायला जातो. म्हणून दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर सरळ 'हो' आहे. मेख पहिल्यात आहे. भावाच्या बाजूने बोलतोय असं घरच्यांना मनापासून वाटतं, पण बोलली जाते ती घराची बाजू. "रात्रभर कोणाला झोपू देत नाही, आणखी महिनाभर ठेवा." यात खोटं काही नसतं, घर खरंच थकलेलं असतं. पण त्याला काय हवंय, ते यात कुठे आलं?

मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ चा, लागू झाला २९ मे २०१८ पासून. त्यात नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे रुग्णाच्या वतीने बोलणारा, असा एक माणूस असतो. तो रुग्णाने स्वतः निवडायचा, साध्या कागदावर, सही किंवा अंगठा करून. नातेवाईकच पाहिजे असं नाही. मित्र चालतो, शेजारी चालतो. तो सज्ञान असावा, हे काम करायला सक्षम असावा आणि त्याने लेखी होकार द्यावा, एवढंच. रुग्णाला तो केव्हाही बदलता येतो. कोणाला नेमलंच नसेल तर ते काम आपोआप नातेवाइकाकडे येतं, त्यामुळे बहुतेक घरांत हा विषय निघतच नाही. तुम्ही काढा. त्याने तुमच्याऐवजी कामावरच्या दोस्ताचं नाव घेतलं तर वाईट वाटून घेऊ नका.

तो स्वतःहून दाखल झालाय की कलम ८९ खाली, म्हणजे प्रतिनिधीच्या अर्जावरून, हेही विचारून घ्या. स्वतःहून आलेल्याला घरी जायचं म्हणता येतं. कलम ८९ खालचा मुक्काम जास्तीत जास्त ३० दिवसांचा. पुढे ठेवायचं तर दोन मानसोपचारतज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासावं लागतं आणि मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाची परवानगी लागते. दाखल करणंच मान्य नसेल तर रुग्ण किंवा त्याचा प्रतिनिधी मंडळाकडे अर्ज करू शकतो, त्यासाठी मोफत कायदेशीर मदतही मिळते. स्वतःचे कपडे घालणं, ठरलेल्या वेळी फोन करणं, भेटायला आलेल्याला नको म्हणणं, हेसुद्धा त्याचे हक्क आहेत. उपचारांची माहिती त्याला कळेल अशा भाषेत मिळणं हाही हक्कच. आपल्याकडे बोलणं कोंकणीत, वाचन मराठीत आणि कागद इंग्रजीत, तेव्हा हा हक्क मागून घ्यावा लागतो.

आता आमच्यासारख्यांचं काम. मी गेलो की "काय झालं?" विचारत नाही, ते त्याला शंभर जणांनी विचारलेलं असतं. जेवणात मासळी असते का, झोप लागते का, बाजूच्या खाटेवरचा घोरतो का, असलं बोलतो. गोळ्यांचा विषय मग आपणच निघतो. एकजण दिवसभर वॉर्डात येरझाऱ्या घालायचा. घरच्यांना वाटलं आजार वाढला, डोस वाढवा. मी त्याला विचारलं, "मन बेचैन आहे की पायच बसू देत नाहीत?" तो म्हणाला, "पाय." काही औषधांनी असं होतं. मी ते भोगलंय, म्हणून विचारायचं सुचलं. डोस कमी करून, औषध बदलून किंवा दुसरी गोळी जोडून त्यावर उपाय निघतो, पण ते ठरवणार डॉक्टर. मी कोणाला गोळी बंद कर म्हणत नाही, म्हणणाऱ्याला जवळही येऊ देऊ नका. लिथियम या बायपोलरवरच्या औषधाने हात थरथरतात तेव्हाही तेच: घाबरून बंद करायचं नाही, सांगायचं, रक्त तपासून घ्यायचं.

पण सांगणार केव्हा? राऊंडवर डॉक्टर खाटेपाशी थांबतात ते जेमतेम दोन मिनिटं. तेवढ्यात "बरा आहे" यापलीकडे तोंडातून काही फुटत नाही. म्हणून आदल्या दिवशी आम्ही दोन-तीन वाक्यं कागदावर लिहून ठेवतो, त्याच्या शब्दांत. एकाचं पहिलंच वाक्य होतं, "म्हाका घरा व्हरात", म्हणजे मला घरी न्या. मला स्वतःला ते घाईचं वाटत होतं, तरी तसंच लिहिलं. डॉक्टरांनी घरी सोडलं नाही, पण का सोडत नाहीत हे त्याला बसून समजावलं. त्याला तोवर कोणी ते सांगितलंच नव्हतं.

बांबोळीची ही संस्था आधी पणजीत आल्तिनोवर होती, आबे फारियांच्या नावाने. कांदोळीचे हे पाद्री म्हणत की संमोहनाची ताकद करणाऱ्याच्या हातात नसते, होणाऱ्याच्या मनात असते. पणजीतल्या पुतळ्यात मात्र हात उगारलेले फारियाच डोळ्यांत भरतात, खाली कोसळणाऱ्या बाईकडे कोणाचं लक्ष नाही. वॉर्डातल्या रुग्णाचंही तसंच होतं.

आमच्या कामाला मर्यादाही आहेत. जीव द्यायची भाषा ऐकली तर मी ती सिस्टरपासून लपवणार नाही, हे पहिल्याच भेटीत सांगून टाकतो. घरच्यांचे निरोप गोड करून पोचवत नाही. आणि वडिलोपार्जित जमिनीच्या कागदावर त्याची सही घ्यायला कोणी आलं, तर मी साक्षीदार म्हणून उभा राहत नाही. गोव्यात अशा व्यवहारांत सगळ्या वारसांच्या सह्या लागतात, त्यामुळे हे लोक वॉर्डापर्यंतही पोचतात.

गुजरातच्या सरकारी मनोरुग्णालयांत २०१४ ते २०१६ दरम्यान पूर्वीच्या रुग्णांना शिकवून या कामाला लावलं होतं. तुम्ही मात्र कोणाची वाट पाहू नका. वॉर्डातल्या सोशल वर्करला भेटा आणि बरा होऊन गेलेला कोणी भेटायला येईल का ते विचारा. भावाला चालत असेल तरच. डिस्चार्जची गोष्ट निघाली की पुढचे उपचार कुठे आणि कसे, ही चर्चा भाऊ समोर असताना करा, कायदाही तेच सांगतो. घरी आल्यावर रात्री-अपरात्री अडलंत तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, तो त्याच्याही फोनमध्ये घालून द्या.