कॉलेजात दोन खेळ खेळले तर दोन्ही बिघडतात का? (खो-खो आणि धावणं, एफवायला आहे)

बिघडतात, असं ठासून सांगणारे आमचे एक सर होते. वीस वर्षं झाली, अजून मी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडते.

माझेही हेच दोन खेळ. सकाळी 200 मीटर, संध्याकाळी खो-खो, मधे हजेरीपुरतं कॉलेज. चौकोनात बसलेलं असताना खो मिळाल्यावर जे उसळून उठायचं, तेच शर्यतीत स्टार्टिंग ब्लॉकमधून सुटताना लागतं. माझा स्टार्ट खो-खोनेच सुधारला. उलट तोटाही होता. नाकासमोर सुसाट सुटायची सवय लागलेली आणि खो-खोत एकदा दिशा घेतली की मागे फिरता येत नाही. पळतीच्या मुलीने हूल दिली की मी खो द्यायचं विसरून थेट खांबापर्यंत जायचे.

एसवायला 200 ची फायनल आणि खो-खोची सेमी एकाच दुपारी आली. एक बालेवाडीला, दुसरी टिळक रोडजवळ. धावले, बक्षीस घेतलं, मैत्रिणीच्या स्कूटीवर मागे बसले आणि युनिव्हर्सिटी चौकात अडकले. पोचले तर बारा जणींच्या यादीतून माझं नाव काढलेलं. एका गुणाने हरलो. सर सगळ्यांसमोर म्हणाले, "दोन दगडांवर पाय!" पिशवीत रौप्यपदक होतं, ते मी बाहेर काढलंच नाही.

त्यांचं लाडकं उदाहरण हॉकी आणि क्रिकेट दोन्ही खेळणाऱ्या एम. जे. गोपालन यांचं. 1936 मध्ये त्यांनी बर्लिन ऑलिम्पिकची हॉकी सोडून क्रिकेटचा इंग्लंड दौरा निवडला. तिथे एकही कसोटी मिळाली नाही, इकडे हॉकी संघ सुवर्ण घेऊन आला. अहो, पण दौरा आणि ऑलिम्पिक एकाच उन्हाळ्यात ठेवले यात गोपालन यांचा काय दोष? दोन खेळ भांडत नाहीत, तारखा भांडतात. म्हणून तू जूनमध्येच दोन्ही वेळापत्रकं घेऊन जिमखान्यात जा आणि दोन्ही सरांना समोरासमोर बसव. आम्हाला हे कुणी सांगितलं नाही.

पुढचं विचारशील तर मी सहकारी बँकेत कॅशला आहे, रविवारी सोसायटीतल्या मुलींना खो-खो शिकवते. डावा गुडघा जिना उतरताना बोलतो, पण तो कुठल्या खेळाने गेला ते डॉक्टरलाही सांगता आलं नाही. आणि हो, सरकारी नोकरीतल्या 5 टक्के खेळाडू आरक्षणावर डोळा असेल तर आंतरमहाविद्यालयीन पदकं तिथे चालत नाहीत. मग मात्र एकच खेळ धरून वर जा. (हे सरांना सांगू नका.)

मागच्या वर्षी सर एका लग्नात भेटले. पंगतीत शेजारीच. "त्या दिवशी तू वेळेवर आली असतीस तर..."

म्हटलं, "सर, मठ्ठा घ्या."